पडद्यावर न आलेली आई

“आजचं इथंच. उद्यापर्यंत कोनी मरू नका, सांगून ठेवते.”

एवढं बोलून सिस्टर पुस्तक मिटत आणि वॉर्डातली माणसं पुन्हा कण्हायला लागत. तोवर कोणाला आपलं दुखणं आठवलेलं नसे.

मेहकरजवळच्या एका दवाखान्यात मी रक्त तपासायचो आणि त्या वॉर्ड सांभाळायच्या. नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी त्यांनी दहा वर्षं बंगालमध्ये काढली होती. नवरा गेल्यावर मुलाला घेऊन परत आल्या, सोबत तिकडची भाषा आणि एक रहस्यकथा घेऊन. तिचं कव्हर केव्हाच फाटलं होतं. एक्स-रेच्या पिवळ्या पाकिटात त्यांनी ती बांधून घेतली होती. दुपारच्या गोळ्या वाटून झाल्या की स्टुलावर बसायचं, डोळ्यांनी बंगाली वाचायचं आणि तोंडानं वऱ्हाडी सांगायचं.

त्यांचा गुप्तहेर जाडा होता. त्याला दम्याचा त्रास. जिना चढताना तीनदा थांबायचा. “अबे, खुनी पळून जाईन ना!” एक म्हातारा ओरडला, तर सिस्टर म्हणाल्या, “जाऊ दे. आपला बाबू घाई करत नाही.”

“हा बाबू आपल्याच इकडचा हाय का, सिस्टर?”

“हाव. तिकडं बदली झाली त्याची.”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, सगळ्यांना हसवणारी. ती कुठे थांबतात ते मात्र नीट पाहावं लागतं. सिस्टर एका प्रकरणाशी थांबत. गोष्टीत एका गरीब पोराचं प्रेत नदीत सापडतं. बुडाला, असं लिहून पोलीस मोकळे होतात. मग हा बाबू त्याच्या आईच्या ओट्यावर जाऊन बसतो आणि म्हणतो, “तुमचा पोरगा कसा होता, ते सांगा.” ती सांगत राहते, तो ऐकत राहतो. पोरगा पाण्याला भ्यायचा, हे त्यातूनच कळतं आणि सगळा उलगडा होतो. हे प्रकरण त्या इतकं हळू सांगायच्या की एक दुपार पुरायची नाही.

त्या कथेवर हिंदी सिनेमा आल्याचं कळलं तेव्हा सिस्टर पोरीसारख्या हरखल्या. चिखलीला लागला होता. रविवारी जीप ठरली. मी, वॉर्डातल्या दोन आया आणि एक निवृत्त पोलीस जमादार. साखरेमुळे त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती. सिस्टर रोज त्यांची पट्टी बदलायच्या. त्यांनाच आग्रहानं का घेतलं, ते मला कळलं नाही. थेटरात सिस्टरनी त्यांना मधोमध बसवलं, दुखरा पाय नीट लांब करता येईल असं.

पडद्यावरचा गुप्तहेर पिळदार होता. गच्च्यांवरून उड्या मारत होता. दोन गाणी झाली, तीन मारामाऱ्या झाल्या.

“आता ते प्रकरण येईन,” सिस्टर पुटपुटल्या.

मध्यांतरात कोणी काही खाल्लं नाही. नंतर पोराचं प्रेत सापडलं तेव्हा त्या खुर्चीत पुढे सरकल्या. “आता पाहा, जमादार.” पण गुप्तहेरानं कॉम्प्युटर उघडला, त्यात खुन्याचं नाव सापडलं आणि मोटारी धावायला लागल्या. आई नव्हतीच. तिचा ओटाही नव्हता. दिवे लागले तरी सिस्टर पडद्याकडे बघत होत्या.

“मस्त होता पिच्चर,” जमादार म्हणाले. “पन मले काऊन आनलं, सिस्टर?”

“असंच.”

जमादार बसस्टँडजवळ मुलीकडे उतरले. जीप पुढे निघाल्यावर सिस्टर माझ्याशी बोलल्या, गोष्ट सांगताना यायचा तो आवाज नव्हता.

“माह्या पोराचा पंचनामा या जमादारायनंच केला होता, भाऊ. पाय घसरून विहिरीत पडला, बुडाला, असं लिहिलं. माहा पोरगा बंगालात तळ्यावर वाढला. चार खेपा पोहून पार करायचा. मी दारातच उभी होती. कोनीच मले काही इचारलं नाही.”

“आज जमादारांना सांगायचं होतं...” मी म्हणालो.

“मी कायले सांगू? त्याहीनं पाहावं अन् सोताहून इचारावं, असं वाटलं होतं.”

आयांपैकी एक रडायला लागली. सिस्टरनी तिला पाण्याची बाटली दिली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गोष्ट सांगणं बंद केलं. रोगी विचारायचे, “बाबूचं काय झालं?” “सुटी घेतली त्यानं,” एवढंच उत्तर. जमादारांची पट्टी मात्र त्या तशाच हळुवार हातानं बदलत राहिल्या, पाय कापावा लागेपर्यंत. पुढे पावसाळ्यात जमादार गेले.

मीच हट्टानं सिस्टरकडून चौकशीचा अर्ज करवला. मजकूर मी लिहिला. “त्याले पोहता येत होतं” हे वाक्य त्यांनी स्वतःच्या हातानं घातलं. पत्ता माझा दिला. उत्तर आलं तोवर त्या निवृत्त होऊन देऊळघाटला भावाच्या शेजारी राहायला गेल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी पत्र घेऊन गेलो.

“वाचा, भाऊ. मोठ्यानं.”

तीन ओळी होत्या. प्रकरण जुने असून मुदतीनंतर कागदपत्रे नष्ट करण्यात आली आहेत. सबब आपल्या अर्जावर कार्यवाही करता येत नाही.

“अजून?”

“खाली सही आहे.”

“कोनाची?”

“वाचता येत नाही, सिस्टर.”

त्यांनी हात पुढे केला. कागद मांडीवर ठेवून त्याच्या घड्या तळहातानं सपाट करू लागल्या. मी निघालो तेव्हाही त्या तेच करत होत्या. महिन्याभरानं त्या गेल्याचं त्यांच्या भावानं फोनवर कळवलं.