शेवटच्या रांगेतली कोकोची मुळं

संशोधन केंद्रात तिला सगळे मुळंवाली म्हणायचे. एकोणीस वर्षं तिचं काम एकच: कोकोचं रोप कुंडीतून अलगद सोडवायचं, चाळणीवर धरून बारीक धारेखाली माती धुवायची आणि केसाएवढं मूळसुद्धा तुटू द्यायचं नाही. तिचा नवरा तिथेच रोपांना पाणी घालायचा.

त्या वर्षी केंद्रातल्या संशोधक मॅडमनी नव्वद कुंड्या मांडल्या. पांढऱ्या पट्टीच्या कुंडीतली माती सदा चिंब ठेवायची, निळ्या पट्टीची बेताची ओली, लाल पट्टीची जेमतेम दमट. कुठल्या ओलीत मूळ कसं वाढतं, ते आठ महिन्यांनी बघायचं. त्यासाठी नवऱ्याने रोज प्रत्येक कुंडी उचलून काट्यावर ठेवायची आणि ठरलेल्या वजनाला जेवढं कमी पडेल तेवढंच पाणी घालायचं. नव्वद कुंड्या आणि उचलणारा एकटा. त्याने ढकलगाडी मागितली. साहेबलोक "बघू" म्हणाले. बघितलं कुणीच नाही.

आठ महिन्यांनी ती धुवायला बसली. पहिल्या रांगा अपेक्षेसारख्याच निघाल्या. चिंब कुंड्यांतली मुळं तपकिरी, हात लागताच साल सुटणारी, कुबट वासाची. कोरड्या कुंड्यांत सोटमूळ बारीक होऊन ओल शोधत थेट तळाला गेलेलं, बाजूची मुळं मोजकीच. बेताच्या ओलीत मात्र बारीक मुळांचं भरघोस जावळ.

शेवटच्या रांगेला हात घातला आणि ती थबकली. पट्टी कुठलीही असो, मुळं सारखीच: पांढरी, दाट, वरच्या थरातच पसरलेली. लाल पट्टीच्या कुंडीतलं मूळ तळाकडे फिरकलंसुद्धा नव्हतं. त्याला गरजच पडली नव्हती.

घरी आल्यावर तिने विचारलं, "शेवटच्या रांगेला सरसकट नळी लावलीत ना?"

नवरा भिंतीला पाठ टेकून बसला होता. "लावली. पाठ वाकत नव्हती. वजनं अंदाजाने लिहिली. तू कुठे बोलू नकोस."

"आणि मॅडमना काय सांगू?"

"मुळं धुतली म्हणून सांग. धुण्याचंच तर काम तुझं."

ते तिला लागलं. दोन दिवस तिने चालढकल केली, तिसऱ्या दिवशी मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं सांगून टाकलं. मॅडम समजूतदार आहेत, ती रांग बाजूला काढतील, नवऱ्याला हलकं काम देतील, असा तिचा हिशेब होता.

मॅडमनी दार लावून ऐकून घेतलं. "बरं झालं सांगितलंत, मावशी," म्हणाल्या. आठवड्याभरात नवऱ्याला कामावरून काढलं. रांग मात्र कागदावर जशीच्या तशी राहिली.

तिने धीर करून मॅडमना त्याचं कारण विचारलं.

"ती रांग गाळली तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "सरासरीत मिसळून जाईल."

"मग यांना का काढलंत?"

"त्यांनी खोट्या नोंदी केल्या ना."

त्या दिवशी नवऱ्याने एवढंच विचारलं, "मिळाली शाबासकी?" त्यानंतर त्याने तिच्याशी बोलणंच टाकलं. काही हवं असलं की भिंतीकडे बघून सांगायचा. दोघांचं घर एका खोलीचं, त्यामुळे ती भिंतही कधी लांब नसायची.

वर्षभराने अहवाल छापून आला. कमी पाण्यातही कोको चांगलं मूळ धरतो, असं त्यात होतं. तो वाचून बागाईतदार केंद्र बघायला आले. मॅडमनी शेवटच्या रांगेतली, लाल पट्टीच्या कुंडीची वाळवून ठेवलेली मुळं तिच्या हातात दिली आणि पाहुण्यांपुढे धरायला लावली.

एका म्हाताऱ्या बागाईतदाराने मुळं निरखून पाहिली. मग मॅडमना न विचारता त्याने तिलाच विचारलं, "बाई, एवढ्याशा पाण्यावर एवढं मूळ? मी रोपं लावणार आहे, म्हणून विचारतो."

मॅडम शेजारीच उभ्या होत्या. घरात आता कमावणारी ती एकटी होती.

"हो," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि वहीत टिपून घेतलं.

घरी येऊन तिने हे नवऱ्याला सांगितलं. का सांगितलं, तिचं तिलाही कळलं नाही. कितीतरी महिन्यांनी त्याने सरळ तिच्याकडे बघितलं.

"हेच खोटं तेव्हा बोलायचं होतंस," तो म्हणाला.

तिने ताट वाढलं. त्याने ते उचललं आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन एकटाच जेवायला बसला.