चांदीच्या वाटीतली खीर

सकाळी दारात आलेल्या डब्यातली नाचणीची खीर मी घाईघाईने चांदीच्या वाटीत ओतली आणि डबा ओट्याखाली लपवला. माझी सात महिन्यांची लेक टक लावून बघत होती. तेवढ्यात गावाहून सासूबाईंचा रोजचा व्हिडिओ कॉल आला. वाटी त्यांनीच दिलेली, उष्टावणाला.

"तूच शिजवलीस ना गं? किती धावपळ होते तुझी!"

"हो, आई."

"आणि चव कशी झालीय?"

मी वाटीकडे बघितलं. महिनाभर डबे मागवतेय, पण एकदाही बोट लावून चाखलेलं नाही. इतके दिवस मला विकतच्या खाण्याची लाज वाटत होती. त्यात लाजण्यासारखं काय एवढं? कामावर जाणाऱ्या बाईने विकत आणलं, तर आणलं. पण लेकराला भरवण्याआधी आपल्या जिभेला लावून बघायला कितीसा वेळ लागतो?

"छान झालीय," म्हणत मी फोन ठेवला. मान वर करवेना.

लेकीने खिरीत बुडवलेलं बोट माझ्या तोंडात घातलं. खजुराची गोडी होती. आणि खीर गारढोण होती.