नाव घे म्हटलं, आणि तिनं घेतलं

कॉलेजात असताना मी एका नव्या मुलीला नवऱ्याचं नाव घ्यायला लावलं. चूक एवढीच झाली, की तिला खरोखरच नवरा होता.

त्यातून पुढं काय झालं, हे मी पन्नास वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. परवा नातीच्या कॉलेजात सांगितलं, तेही रॅगिंगविरोधी समितीच्या बैठकीत, बिस्किटांच्या बशीसमोर. समितीत पालकांच्या वतीनं कुणीतरी लागतं. मुलाला वेळ नाही, सुनेला वेळ नाही, म्हणून मला धाडलं. निघताना नात म्हणाली, "आजी, तिथं उलटंसुलटं काही बोलू नकोस हं." ह्याच नातीनं प्रवेशाच्या वेळी रॅगिंग करणार नाही असं हमीपत्र न वाचता सही करून दिलं होतं. तिच्या बापानंही त्यावर न वाचताच सही ठोकली.

बैठकीत एका वकीलबाईंनी कायदा समजावून सांगितला. विद्यार्थी एरवी जी गोष्ट आपणहून करणार नाही, ती त्याला करायला सांगणं, हेसुद्धा रॅगिंगच. ते ऐकलं आणि माझ्या हातातलं बिस्किट चहात पडलं. मग शिक्षा किती, पोस्टर कुठं लावायचं, तक्रारपेटीची किल्ली कुणाकडं, हे सगळं झालं. शेवटी प्राचार्यबाईंनी मला विचारलं, "आजी, तुमची काही सूचना?"

मी म्हटलं, "आहे ना. वरच्या वर्गातल्या पोरीनं नव्या पोरीला एकटीला घेऊन चहा पाजावा आणि विचारावं, बाई गं, तुला काही सांगायचंय का? ती नाही म्हणाली, तर गुमान चहा प्यावा."

"हे कायद्यात कुठं बसतं?" वकीलबाई हसल्या. "सुचलं कशावरून?"

मग सांगावंच लागलं.

मी कन्नड तालुक्यातल्या पिशोरची. घरी शेतीवाडी, बैलजोड्या, आणि तोंड मोकळं सोडलेली मी. तेव्हाच्या औरंगाबादेत मुलींच्या होस्टेलात आले, तर पहिल्याच रविवारी मोठ्या मुलींनी मला मेसमधल्या बाकावर चढवलं. "पिशोरच्या बाजारात ओरडतात तसं ओरड, आणि तुझी चप्पल वीक!" मी विकली. आठवडाभर रात्री उशीत तोंड खुपसून रडले. रॅगिंग हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता. आम्ही त्याला 'ओळख' म्हणायचो. दुसऱ्या वर्षी मी स्वतःच ओळख करून घेणारी झाले. शहाण्या माणसानं म्हटलं असतं, आपल्याला त्रास झाला, दुसरीला नको. मी म्हटलं, आता माझी पाळी. शिवाय वर्षभरात मी 'इथं-तिथं' सोडून 'इथे-तिथे' बोलायला शिकले होते आणि स्वतःला अर्धी पुणेकरीण समजत होते. उरलेली अर्धी मामाकडून आणलेल्या खोट्या मोत्यांच्या माळेनं भरून काढली होती.

त्या वर्षी आमच्याच तालुक्यातली एक मुलगी आली. मेंढपाळाच्या घरची. पत्र्याची पेटी, वर घडी केलेलं घोंगडं, बोलणं जवळजवळ नाहीच. मी फर्मान काढलं, आज उखाण्यांची ओळख. नव्या मुलींनी सिनेमातल्या हिरोचं नाव घ्यायचं, मगच ताटाला हात लावायचा.

बाकीच्या खिदळत घेऊन मोकळ्या झाल्या. ही उभीच. भाकरी वाळत चालली.

"घे की गं," मी म्हणाले. "कुणाचंही घे."

"नाय येत मला."

"न यायला काय झालं? नाव घे, नाहीतर उपाशी झोप."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग पदर डोक्यावर घेतला. खरं तर तिथंच मला कळायला हवं होतं. सिनेमातल्या हिरोसाठी कुणी डोक्यावर पदर घेतं का? खाली बघत ती एका दमात म्हणाली,

"डोंगराच्या पायथ्याला मेंढरांचा वाडा,
अमक्यारावांचं नाव घेते, माझी वाट सोडा."

अमक्याच्या जागी खरं नाव होतं. मी ते इथं लिहीत नाही, घेतलं तेवढं पुरे झालं. बाकीच्या मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. आणि मी? मी टाळी वाजवली. "अगं, ही तर लग्न झालेली निघाली!" म्हणून सगळ्यांत मोठ्यानं हसले.

माझा मूर्खपणा तिथंच थांबला असता तरी भागलं असतं. दिवाळीत घरी गेले. कापणी झालेल्या रानात आमच्याकडं मेंढरं बसवायला दरवर्षी मेंढपाळ यायचे. लेंड्यांचं खत होतं. त्यांच्यातला एक म्हातारा ओट्याखाली चहा पीत होता आणि ओट्यावर मी आईला होस्टेलच्या गमती सांगत होते. नकला मला छान जमायच्या. पदर घेऊन, खाली बघून, नावासकट तो उखाणा मी जसाच्या तसा म्हणून दाखवला.

म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवली. "काय नाव घेतलं म्हणलात, ताई?"

आणि मी, माझ्या नकलेला दाद मिळाली म्हणून खूश होऊन, पुन्हा म्हणून दाखवला.

तो तिच्या सासरचा भाऊबंद होता. तिचं लग्न लहानपणीच लागलेलं. पोर चार बुकं शिकावी म्हणून तिच्या बापानं व्याह्यांना थाप मारली होती, की ती मामाकडं मेंढरांमागं असते. आठ दिवसांत तिचा सासरा काठी घेऊन होस्टेलच्या फाटकाशी हजर. "आमची सून हाय. पाठवा भाईर."

आमच्या रेक्टरबाई हैदराबादेत शिकलेल्या. त्यांनी फाटकातच खुर्ची टाकली. "सून तुमची असेल. परीक्षेपर्यंत ती माझी अमानत आहे. अमानतीत खयानत, ठेवीत दगाफटका, मला जमत नाही." तासभर हुज्जत झाली. मार्चची परीक्षा झाली की न्या, यावर म्हातारा कसाबसा तयार झाला. मग बाईंनी मला बोलावलं. "तुझी जबान फार चालते. आजपासून तिच्या खोलीत राहायचं आणि तिला इंग्रजी शिकवायचं. ती नापास झाली, तर तुझं सामान मी स्वतः फेकीन."

नापास कसली! माझ्यापेक्षा जास्त मार्क तिला पडले. पण जूनमध्ये तिची कॉट दुसऱ्या मुलीला मिळाली, हे आताच सांगून टाकते. ती परत आली नाही.

परीक्षा संपल्यावर तिला एस.टी. स्टँडवर सोडायला मी गेले. पाच महिने एका खोलीत राहून मी माफी मागितली नव्हती. मला वाटायचं, स्पेलिंग पाठ करून घेतेय, म्हणजे मागितल्यासारखंच. कन्नडची गाडी लागली, कंडक्टरनं पेटी टपावर चढवली, तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं. "माझ्याकडून तुझ्यावर घोर अन्याय झाला आहे. मला क्षमा कर."

ती हसली. "असं पुस्तकातलं काय बोलताय, ताई?"

"मग कसं बोलू?" माझ्या तोंडातून अस्सल पिशोरी निघालं. "लई चुकलं गं माझं."

ती पायरीवर चढली, दांडा धरून मागं वळली आणि म्हणाली, "तुम्ही नुसतं 'नाव घे' म्हणलात, ताई. एकटीला बाजूला घेऊन 'लगीन झालंय का गं तुझं' म्हणून इचारलं असतं, तर मीच सांगितलं असतं. मला बी कुणाला तरी सांगायचंच हुतं."