चष्मेवाल्याच्या माशांवरचे पांढरे ठिपके

पस्तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांवर चष्मे चढवणाऱ्या त्या माणसाला गल्लीत सगळे चष्मेवाला म्हणूनच ओळखत. त्याला एकच नाद होता, बाहेरच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी. तिच्यात दगड, वाळू, दोन कोळंब्या, काही गोगलगायी, पट्टेवाल्या नारिंगी माशांची जोडी आणि एक निळा मासा. निळ्यावर त्याचा विशेष जीव. तो काचेवर बोट फिरवायचा तसा निळा त्यामागे फिरायचा.

एकदा त्यानं एक पिवळा मासा आणला. नवा मासा महिनाभर वेगळा ठेवा, असं दुकानदारानं बजावलं होतं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! घरी येताच त्यानं पिवळ्याला पेटीत सोडलं.

आठवड्याभरात निळ्याच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले. चष्मेवाल्यानं आधी स्वतःचा चष्मा पुसला. मग पेटीची काच पुसली. ठिपके जाईनात. मासे दगडांवर अंग घासायला लागले.

त्याची थोरली बहीण सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली. तिला फोन गेला. ती राहायलाच आली, तिनं दुकानदाराला खोदून खोदून विचारलं आणि घरात वॉर्ड उघडला. ते ठिपके म्हणजे परजीवी होते. माशाच्या अंगावर पोसले की खाली पडायचे, वाळूत दडायचे आणि त्यांची पिल्लं पुन्हा मासा शोधायची. औषध तांब्याचं, ते कोळंब्यांना विष. म्हणून सगळे मासे न्हाणीघरातल्या छोट्या पेटीत हलवायचे, तिथं औषध द्यायचं, आणि मोठी पेटी अकरा आठवडे माशांवाचून ठेवायची, म्हणजे उरलेले परजीवी उपाशी मरतील.

बायकोनं कपाळाला हात लावला. अंघोळीला जाताना माशांची परवानगी घ्यायची का, असं तिनं विचारलं. वन्संनी त्यावर भेटीच्या वेळा लिहून दारावर चिकटवल्या.

चौथ्या दिवशी निळा गेला. चष्मेवाल्यानं त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

“ताई, मीच मारला त्याला,” तो म्हणाला.

पाण्यातलं तांबं मोजायची नळी बहिणीनं त्याच्या हातात ठेवली. “घाई केलीस, हे खरं. पण अजून तिघं आहेत. नळीतला रंग बघून सांग, औषध पुरेसं आहे का.”

तो दिव्यापाशी गेला आणि रंग बघितला. त्यानंतर ते काम त्यानं कुणाला करू दिलं नाही.

महिन्यानं औषध थांबलं. तिघेही ठणठणीत दिसत होते. आता सोडूया का, असं त्यानं भीत भीत विचारलं. बहिणीआधी बायकोच म्हणाली, “अजिबात नाही. सात आठवडे राहिलेत. मी मोजतेय.”

रिकाम्या पेटीसमोर बसून तो कोळंब्या बघत राहिला. एक तर कात टाकताना दिसली. इतक्या वर्षांत त्यानं ते कधी पाहिलं नव्हतं.

अकरा आठवडे भरले. जोडी दगडाखालच्या आपल्या जागी परतली. पिवळा दोन दिवस कोपऱ्यात दबून राहिला, तिसऱ्या दिवशी खायला आला. बहिणीनं पिशवी भरली, पण जायच्या आधी खुर्ची ओढून पेटीसमोर बसली. बायकोनं चहा आणला. मग तिघंही बराच वेळ मासे बघत बसली.