चाचांच्या खिशातला मोबाइल

मी हेडफोन काढून करीमचाचांच्या खिशाकडं बोट दाखवलं. त्यांचा मोबाइल रेकॉर्डिंगवर होता.

"हे काय, चाचा?"

"काय नाय बेटा," म्हणत त्यांनी तो बंद केला आणि क्लॅरिनेट पुसायला घेतली.

ही कालची दुपार. मी एका हेरमालिकेला संगीत देतोय. काळ साठच्या दशकाचा. माझ्या दोन धुनी 'आजच्या वाटतात' म्हणून परत आल्या होत्या. म्हणून तिसऱ्या धुनीसाठी औरंगपुऱ्यातल्या लग्नाच्या बँडमधल्या चाचांना मी उस्मानपुऱ्यात, माझ्या स्टुडिओत बोलावलं. तिसरी धून मालिकेआधी बाहेर गेली, तर करारानुसार काम जाणार.

नंतर मी त्यांच्यावर नजरच ठेवली. चहाच्या वेळी ते गॅलरीत जाऊन कुणाशी तरी हळू बोलले. मी दाराआड उभा राहिलो. ऐकू काही आलं नाही.

शेवटी विचारलं, "कुणाला पाठवली?"

"सीआयडी हो क्या तुम? मला तुझं कागदावरचं वाचता येत नाय. आमच्यात ऐकूनच बसवतात. घरी चार वेळा ऐकलं की पक्कं."

पटलं नाही. पण सत्तरीच्या माणसाचा मोबाइल तपासायला हात धजला नाही. तुम्ही तपासला असता?

आज सकाळी औरंगपुऱ्यात एका वरातीमुळं माझी रिक्षा अडली. पुढं चाचा आणि त्यांचा सगळा बँड माझी कालचीच धून वाजवत होता.

रिक्षावाला मान डोलावत म्हणाला, "लई जुन्या पिक्चरचं हाय साहेब. नाव आठवंना."