दह्याचा ठिपका

लग्न झालं आणि बायको नागपूरला माहेरी, मी भिलाईत. कारखाना उभा राहत होता, क्वार्टरं त्याहून सावकाश. बॅचलरांनी भरलेल्या खोलीत मी तिच्या हातच्या भाकरीसाठी झुरत होतो, असं सगळ्यांना सांगायचो. भाकरी हे निमित्त. अखेर क्वार्टर मिळालं आणि ती दुपारच्या पॅसेंजरने भिलाईजवळच्या दुर्गला उतरणार म्हणून ठरलं.

नेमका त्याच दिवशी, मी कामाला होतो त्या कारखान्याच्या दवाखान्याच्या लॅबमध्ये न्यूमोनिया झालेल्या एका मजुराचा बेडका आला. जंतू कोणते ते कळल्याशिवाय डॉक्टर औषध ठरवणार नव्हते, आणि रिपोर्ट दिल्याशिवाय मला सुट्टी नव्हती.

काम तसं सोपं. बेडका काचपट्टीवर पसरायचा, त्यावर जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिटने धुवायचं, शेवटी लाल रंग. स्पिरिटलाही न जुमानता जांभळे राहतात ते एका जातीचे जंतू, रंग सोडून लाल होतात ते दुसऱ्या. पट्टीच्या कडेला आम्ही मेसच्या दह्याचा ठिपका द्यायचो. दह्यातले जंतू जांभळे दिसले, की हात बरोबर चालला म्हणायचं.

जांभळं पाणी गळायचं थांबलं की स्पिरिट थांबवायचं असतं. मी मात्र स्टेशनवर तिच्याशी पहिलं वाक्य काय बोलायचं ते घोकत होतो. वाक्य झकास जमलं, तोवर स्पिरिट भरपूर वाहून गेलं होतं.

डॉक्टरांनी मायक्रोस्कोपमधून डोकं वर काढलं. "कावून जी, तुमचं दही बी लाल?"

"मेसचं हाय जी, त्यात काय बी निंगते."

"मेसले नावं नका ठेवू. बायको येऊन राहिली ना आज?"

"हो जी."

"मंग पुन्हा करा. त्या मजुराची बी बायको बाहेर बसून हाय."

दुसरी पट्टी श्वास रोखून धुतली. जांभळ्या ठिपक्यांच्या जोड्या दिसल्या, दहीही जांभळं. डॉक्टरांनी त्या जंतूंवर चालणारं पेनिसिलिन मागवलं आणि मी सायकल दामटली.

गाडी केव्हाच गेली होती. फलाटाच्या टोकाला ती ट्रंकेवर बसलेली, तोंड नागपूरकडच्या रुळांकडे. हाक काय मारावी? बायकोला चारचौघांत नावाने कसं बोलवायचं! मी मागे उभा राहून खोकलो.

"कवाची बसून राहिली मी! वापसीची गाडी बी इचारून ठेवली."

"ट्रंक सायकलवर राहीन का?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

आता म्हातारपणी, ती देवाघरी गेल्यापासून मी सगळीकडे वेळेवर पोचतो. एखाद्या दिवशी मुद्दाम उशीर करावा असं वाटतं, पण दारात रागावून उभं राहायला घरी कोण आहे?