सोमवारी वाचायची कादंबरी

वाचत असताना कुणी मध्ये बोललेलं मला खपत नाही. आज इतकी म्हातारी झाले तरी नाही. नातवंडं हसतात, हसू देत. पण माझ्यासारखीला देवानं सासू अशी नेमून दिली होती की माझ्या हातात कागद दिसला रे दिसला की तिला बोलायची आठवण व्हायची.

माझं माहेर सोलापूर, म्हणजे इंग्रजी मुलूख. वडिलांनी मला चौथीपर्यंत मराठी शाळेत घातलं होतं. घरी एक मासिक यायचं आणि त्यात एका कादंबरीचं एकेक प्रकरण छापून येई. लग्न होऊन मी लोहाऱ्याला, निजामाच्या राज्यात आले तेव्हा ती कादंबरी निम्म्यावर होती. माहेर सुटल्याचं दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर ती कादंबरी सुटली याचंही काही कमी नव्हतं. भावानं ते ओळखलं. आमच्या किराणा दुकानाचा माल सोलापूरहून गाडीनं यायचा, त्यात तो मासिक ठेवून द्यायचा. करोडगिरीच्या नाक्यावर पोती उघडून बघत, पण कागदावर जकात नव्हती. अंक हातात पडायचा तो गुळानं चिकट झालेला असायचा.

आमचं घर लिंगायताचं. घरात मराठी चाले आणि कानडीही. सासरे आणि माझे यजमान उर्दू शाळेत शिकलेले, मराठी अडखळत वाचायचे. सासूबाईंना कुठलंच अक्षर येत नव्हतं. मी दुपारी भांडी आवरून कोपऱ्यात अंक उघडला की माजघरातून हाक यायची, "अगं, दुधावर झाकण ठिवलंस का?" ठेवलेलं असायचं. पुढच्या ओळीला, "मांजर आत आलं बघ." मांजर चुलीपाशी गाढ झोपलेलं. मग ज्वारी पाखडायची राहिलेली, मग परसातलं कवाड वाजतंय. त्यातून दुकानात कागद संपला की सासरे मासिकाचं मागचं पान फाडून हळदीची पुडी बांधून द्यायचे. मला असं वाटे की या घरात एकूण एक माणसानं माझ्या वाचनावर डूख धरलाय.

एके दिवशी सासूबाई समोर येऊन बसल्या.

"काय वाचतीस एवढं? वाच की मोठ्यानं."

मी वाचलं. लांब दिलेली एक मुलगी सासरचा छळ सोसून पायी माहेराला निघालेली असते आणि वाटेत नदीला पाणी येतं, असं ते प्रकरण होतं. सासूबाई गप्प ऐकत होत्या. संपल्यावर उठून त्यांनी हात धुतले, अंकाला विभूतीचं बोट लावलं आणि तो भिंतीतल्या देवाच्या देवळीत नेऊन ठेवला.

"आत्याबाई, ही पोथी न्हाय. गोष्ट हाय," मी म्हटलं.

"पोथीत गोष्टच असती की. दुसरं काय असतंय?"

माझी चौथी तिथंच संपली.

त्या दिवसापासून कादंबरीचे नियम सुरू झाले. वाचायची ती सोमवारी, अंघोळ करून, पाटावर बसून, आणि तीही त्यांनी सांगितलेल्या ठिकाणापर्यंतच. नवा अंक आला की तो थेट देवळीत जाई. "पोथी एकट्यानं फुडं वाचू न्हाय," असं त्यांचं म्हणणं. पुढं काय झालं याची मला इतकी हुरहुर लागे की देवाला नमस्कार करताना माझं सगळं लक्ष त्या अंकाच्या कडेकडं असे. वाचताना त्यांचं बोलणं थांबलं असतं तरी मी सगळं सोसलं असतं. पण आता त्या दुधाबद्दल बोलत नसत, त्या मुलीशीच बोलत. "येडे, त्या माणसाच्या गाडीत बसू नगं." एकदा वाक्य अर्धं असताना त्यांनी मला थांबवलं आणि ती सकाळपासून काय जेवली ते विचारलं. मी म्हटलं, लिहिलेलं नाही. "मग कसला लिव्हणारा म्हनायचा," असं म्हणून त्या कितीतरी वेळ पुटपुटत राहिल्या. मला राग यायचा. सोमवार आवडायचाही.

सासूबाईंची एकुलती लेक कल्याणी गावाच्या पलीकडं दिलेली होती. माझ्याच वयाची, दाट केसांची. वर्षात एकदा पंचमीला यायची आणि जाताना दोघी मायलेकी कानडीत काहीतरी बोलत रडायच्या. स्वातंत्र्याच्या पुढच्या सालात तिला दिवस असल्याचा निरोप आला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात ठरलेलं. सातव्यात आणायला जायचं म्हणून सासूबाईंनी मधल्या खोलीत बाज टाकून घेतली, डिंक निवडून ठेवला.

आणि त्याच सुमाराला वाटा बंद झाल्या. ज्यांनी ते साल आमच्याकडं काढलंय त्यांना सांगायला नको. कुठलं गाव लुटलं, कुठलं उठून गेलं, एवढंच कानावर येई. सोलापूरची गाडी थांबली आणि कल्याणीच्या वाटेनं बैल जुंपायला कुणी तयार होईना. सासरे रोज म्हणत, जरा निवळू दे. सातवा गेला, आठवा लागला. पुढचा अंक अर्थातच आला नाही. कादंबरीतली ती मुलगी पैलतीरावर, माहेर दिसतंय पण पाणी उतरत नाही, अशी राहिली.

सासूबाईंनी या दोन गोष्टींची सांगड कधी घातली ते मला कळलं नाही. एका सोमवारी त्या म्हणाल्या, "पोथी सुरू केली की समाप्ती करावी लागती. घरात अर्धी पोथी आन् लेक बाळंत व्हायची. बरं न्हाय हे."

"अंक आल्याशिवाय कशी करू, आत्याबाई?"

"तूच सांग फुडं."

"छापलेलं वाचता येतं मला. आडातच न्हाय ते पोहऱ्यात कुठनं आणू?"

त्या रागावल्या नाहीत. पुढच्या सोमवारी त्यांनी न्हाऊन घेतलं, समाप्तीची म्हणून गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, शिजवली, देवळीतला जुना अंक काढला आणि स्वतःच पाटावर बसल्या. अंक हातात उलटा होता. छापील पानाकडं बघत त्या कानडीत सांगू लागल्या. पाणी उतरलं. लेक घरी आली. दारात तिच्यावरून भाकरीतुकडा ओवाळून टाकला. मग तिला मधल्या खोलीत नेलं, बाजेवर बसवलं, केसांचा गुंता सोडवला, पाठीला तेल लावलं, मोठ्या हंड्यात ऊन पाणी काढलं आणि तांब्या तांब्यानं तिच्या कमरेवर घातलं. एवढं सगळं त्या न थांबता, बारीक आवाजात सांगत होत्या. दुकानातून आलेले सासरे उंबऱ्यात उभे होते, ते तसेच मागं फिरले. मी मध्ये एक अक्षर बोलले नाही. हुग्गी आम्ही दोघींनीच खाल्ली.

पोलीस ॲक्शन झाली आणि थोड्या दिवसांनी उमरग्याच्या वाटेनं मालाची पहिली गाडी आली. भावानं साठलेले सगळे अंक एकत्र बांधून पाठवले होते. मला दम निघेना. अंघोळ नाही, पाट नाही, सोमवारही नव्हता; दुकानाच्या मागं पोत्यांवर बसून मी शेवटपर्यंत वाचत गेले. मुलगी घरी पोचली होती. आई दारातच उभी होती. मला इतका आनंद झाला की अंक हातात घेऊन मी सासूबाईंना सांगायला आत धावले.

ओसरीवर एक परका माणूस बसला होता. नणंदेचा चुलत दीर. उमरग्यापासून आमच्याच गाडीतून आला होता. सासरे भिंतीकडं तोंड करून बसलेले होते, त्यावरून मला कळलं. गाव रात्रीतून उठून रानात गेलं होतं आणि रानातच तिचे दिवस भरले. मूलही राहिलं नाही. हे होऊन दोन-अडीच महिने झाले होते. निरोप आणणार कोण?

सासूबाई त्याच्यासमोर खाली बसल्या होत्या. रडत नव्हत्या. त्यांनी त्याला एवढंच विचारलं, "तिला ऊन पाणी कुणी घातलं?"

तो पोरगेला माणूस. त्याला आधी कळेचना. मग म्हणाला, "रान हुतं, अव्वा. प्यायलाच पाणी नव्हतं."

सासूबाईंनी मान हलवली. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "लांबनं आलाय. जेवायला वाढ त्याला."